गायिकांचीं नांवें व त्यांचा उगम

जुनीं दप्तरें, हिशेबाच्या वह्या व हस्तलिखितांच्या याद्या चाळणारास एक गोष्ट वारंवार आढळते. राजे, सरदार, पंडित, किंबहुना साधे कारकून यांच्या नांवाबरोबर बापाचें नांव, उपनांव, गांव किंवा हुद्दा यांपैकीं कांहीं ना कांहीं असतेंच; परंतु गाणें करणाऱ्या स्त्रीचें नांव आलें कीं तें बहुधा एकटें येतें. त्या एका शब्दापलीकडे लिहिणारानें कांहीं नोंदलेलें नसतें, आणि वाचणाराहि तो शब्द वाचून पुढें जातो. प्रस्तुत लेखाचा हेतु इतकाच कीं, त्या एका शब्दासच साधन मानावें; तो कोणीं दिला, कोणत्या भाषेंतून आला, स्त्रीवाचक कसा झाला, व त्यापासून त्या स्त्रीच्या स्थितीविषयीं कोणतें अनुमान निघतें, हें पाहावें. यासाठीं आपल्याकडील उदाहरणांबरोबर अरबी उदाहरणेंहि घेतलीं आहेत. कारण गाणाऱ्या स्त्रियांचीं चरित्रें त्या वाङ्मयांत जितकीं विस्तारानें आलीं आहेत तितकीं दुसरीकडे क्वचितच आढळतात.

१. शास्त्रकारांचा नियम

स्त्रियांचीं नांवें कशीं असावींत याचा नियम मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत आहे. नांव उच्चारास सुलभ असावें, क्रूर नसावें, त्याचा अर्थ स्पष्ट व मनोहर असावा, तें मंगल व आशीर्वादवाचक असावें, आणि त्याचा शेवट दीर्घ स्वरानें व्हावा, असें तेथें सांगितलें आहे. यांतील शेवटची अट केवळ शोभेची नाहीं. संस्कृतांत स्त्रीलिंग दाखविण्याचें मुख्य साधन शेवटचा ‘आ’ किंवा ‘ई’ हेंच असल्यामुळें ती व्याकरणाचीहि अट आहे. तिसऱ्या अध्यायांत विवाहास वर्ज्य म्हणून नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, सर्प इत्यादिकांचीं नांवें धारण करणाऱ्या मुली सांगितल्या आहेत. हा दुसरा नियम गंगा, यमुना, रोहिणी, रेवती अशा नांवांनीं लोकांनींच मोडून टाकला, हें निराळें सांगावयास नको.

हे नियम कुलस्त्रियांचे झाले. गणिकांच्या नांवांचा नियम धर्मशास्त्रांत नसून साहित्यशास्त्रांत आहे. चौदाव्या शतकांतील विश्वनाथानें साहित्यदर्पणांत, नाटकांतील वेश्यांचीं नांवें दत्ता, सिद्धा किंवा सेना या शब्दांनीं शेवट होणारीं असावींत, असें म्हटलें आहे. नियम उत्तरकालीन असला तरी प्रघात फार जुना आहे. मृच्छकटिकांतील वसंतसेना ही उज्जयिनीची; मूलदेवाच्या कथेंतील कलानिपुण देवदत्ता हीहि तेथलीच; आणि दिव्यावदानांत उपगुप्ताच्या कथेंत येणारी मथुरेची गणिका वासवदत्ता ही तिसरी. तथापि या प्रत्ययावरून धंदा ठरविणें धोक्याचें आहे. वासवदत्ता हें उदयनाच्या राणीचेंहि नांव आहे. म्हणजे नांवाचा शेवट ही फार तर एक सूचना, पुरावा नव्हे.

शिलालेखांत या वर्गांतील स्त्रीचें जें फार जुनें नांव मिळतें तें छत्तीसगडांत सरगुजाच्या रामगड डोंगरावर, जोगीमारा गुहेंत. मागधी वळणाच्या प्राकृतांतील हा ब्राह्मी लेख सामान्यतः इ. स. पूर्वीं तिसऱ्या शतकांतला मानला जातो. सुतनुका नांवाची देवदासी आणि तिच्यावर अनुरक्त झालेला वाराणसीचा देवदिन्न, एवढीं दोनच माणसें त्यांत आहेत. सुतनुका म्हणजे सुंदर, सडपातळ अंगाची. ती गात असे असें लेखांत नाहीं, म्हणून तिला गायिका म्हणतां येणार नाहीं. परंतु दोन्ही नांवें शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे भेद ध्यानांत येतो. देवदिन्न म्हणजे देवानें दिलेला. हें नांव आईबापांनीं ठेवलेलें दिसतें. सुतनुका हें नांव पाहणाराच्या दृष्टीनें ठेवलेलें आहे. पुरुषाच्या नांवांत त्याचा जन्म आहे. स्त्रीच्या नांवांत तिचें रूप आहे.

२. देवाच्या नांवानें

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर राजराज चोळाचा एकुणतिसाव्या राज्यवर्षाचा, म्हणजे इ. स. १०१४ च्या सुमाराचा, लेख आहे. हुल्ट्झ यानें तो दक्षिण हिंदुस्थानच्या शिलालेखांच्या दुसऱ्या खंडांत प्रसिद्ध केला. मंदिराच्या सेवेसाठीं चोळमंडळांतील इतर देवस्थानांतून आणून वसविलेल्या सुमारें ४०० स्त्रियांची त्यांत नांवनिशीवार यादी आहे. प्रत्येकीचें घर कोणत्या आळींत, कोणत्या ओळींत, कितवें, ती कोणत्या गांवच्या कोणत्या देवळांतून आली, व तिचा हिस्सा किती, हें सर्व कोरलेलें आहे. एका हिश्शास वर्षास १०० कलम भात मिळे. एवढ्या स्त्रियांची, एवढ्या तपशिलाची व एकाच वेळीं केलेली नोंद प्राचीन साधनांत दुर्मिळ होय.

यादींतील नांवांपूर्वीं ‘नक्कन्’ हा शब्द सतत येतो. हें शिवाचें नांव असून ‘नग्न’ या संस्कृत शब्दाचें तें तामिळ रूप समजतात. तामिळ रीतीप्रमाणें बापाचें नांव आधीं येतें. तेव्हां या शेंकडों स्त्रियांचा कागदोपत्रीं बाप एकच, आणि तो म्हणजे देव. पुढचें नांव मात्र प्रत्येकीचें निराळें. कोणी शेरमंगै, कोणी परवै, कोणी तिल्लै-अळगि, म्हणजे चिदंबराची सुंदरी, तर कोणी एडुत्तपादम्, म्हणजे नटराजाचा उचललेला पाय. परवै हें नांव तिरुवारूरच्या ज्या स्त्रीशीं सुंदरर या शैव संतानें विवाह केला तिचें. म्हणजे देवळांतील स्त्रीनें आपल्याच वर्गांतील एका वंद्य स्त्रीचें नांव पुढें चालविलें.

येथें एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. या स्त्रियांस बाप म्हणून मनुष्य नसला तरी गांव आहे, देऊळ आहे, घर आहे, उत्पन्न आहे. आणि एखादी मेली किंवा निघून गेली तर तो हिस्सा तिच्या जवळच्या नात्यांतील लायक व्यक्तीनें सेवा करून घ्यावा अशी तरतूदहि आहे. म्हणून त्यांचें नांव एकट्या शब्दाचें राहिलें नाहीं. नांवाची लांबी ही धारण करणाराच्या हक्काची लांबी होय, असें या यादीवरून म्हणावेंसें वाटतें.

३. धन्याच्या नांवानें

याच्या उलट स्थिति दमास्कस व बगदाद येथील दरबारांत दिसते. गाणाऱ्या दासीस अरबींत ‘कैना’ म्हणत. तिचें अनेकवचन ‘कियान’. त्यांचीं चरित्रें अबुल् फरज इस्फहानी (८९७–९६७) याच्या किताब-उल-अगानी या प्रचंड ग्रंथांत विखुरलेलीं आहेत. हा ग्रंथ इ. स. १८६८ त कैरोजवळील बुलाकच्या छापखान्यांतून वीस भागांत निघाल्यापासून सर्वांस सुलभ झाला.

या दासींचीं नांवें बहुतेक धन्यानें ठेवलेलीं असत. उमय्या खलिफा दुसरा यझीद (राज्यकाल ७२०–७२४) यानें जी गायिका विकत घेतली तिचें पहिलें नांव आलिया, म्हणजे उच्च. तें बदलून त्यानें तिला हबाबा हें लाडकें नांव दिलें, व पुढें इतिहासांत ती हबाबा म्हणूनच राहिली. तिच्या मरणाच्या दुःखानें यझीदहि थोड्याच दिवसांत वारला असें सांगतात. तिच्याच जोडीची सल्लामा ही ‘सल्लामत-उल-कस्स’ या नांवानें प्रसिद्ध आहे. ‘कस्स’ ही तिच्यावर मोहित झालेल्या मक्केच्या एका विरक्त पुरुषाची उपाधि. म्हणजे तिच्या नांवाचा अर्धा भाग दुसऱ्याच्या फजितीचा आहे.

बगदादच्या अब्बासी काळांतील नांवांत मोलवान वस्तूंची गर्दी आहे. मकनूना म्हणजे झांकून ठेवलेली, हें विशेषण शिंपल्यांतील मोत्यास लावीत. कलम म्हणजे लेखणी. बिद्आ म्हणजे अपूर्व वस्तु. आणि बरमकी वजीर याह्या याच्या घरच्या गायिकेचें नांव दनानीर. हें शेवटचें नांव नाणेसंग्राहकांस रुचेल. दनानीर हें ‘दीनार’ या शब्दाचें अनेकवचन, म्हणजे ‘मोहरा’. मूळ शब्द लॅटिन ‘देनारियुस’; तो ग्रीकांतून पूर्वेकडे आला. तोच शब्द आपल्याकडे गुप्तांच्या लेखांतहि सांपडतो. सांची येथील गुप्त संवत् ९३ च्या, म्हणजे इ. स. ४१२–१३ च्या लेखांत २५ दीनारांच्या दानाचा उल्लेख आहे. रोमचें नाणें एका टोंकास बौद्ध विहाराचें दान झालें, व दुसऱ्या टोंकास बगदादच्या गायिकेचें नांव झालें.

तथापि या नांवाची दुसरी बाजू विसरतां कामा नये. जिला मोहरा म्हणत ती स्वतः मोहरा मोजून घेतली जाई. अशा नांवांत जन्माचा मागमूस नसतो, हा त्यांचा गुण विकणारास सोईचा होता. अरीब (७९७–८९०) ही त्या काळची अत्यंत नामांकित गायिका. ती जाफर बरमकीची मुलगी असून ८०३ त त्या घराण्याचा नाश झाल्यावर लहानपणींच विकली गेली, असें सांगत. तें खरें कीं खोटें हें तिच्या नांवावरून ठरत नाहीं, कारण नांवांत बाप नाहीं. तिच्या शेजारीं खलिफा महदीची मुलगी, हारून रशीदची सावत्र बहीण उलय्या (७७७–८२५) ठेवून पाहावी. तीहि गाणीं रचीत असे, तिची आई मकनूना ही गाणारी दासीच होती. पण ती सर्वत्र ‘उलय्या बिन्त-उल-महदी’, म्हणजे महदीची कन्या. आई एका शब्दाची व मुलगी तीन शब्दांची, हा फरक गळ्याचा नव्हे. गुलामगिरी व स्वातंत्र्य यांचा आहे.

व्याकरणदृष्ट्या पाहतां या नांवांचे दोन वर्ग पडतात. जमीला, मकनूना, हबाबा यांच्या शेवटीं स्त्रीलिंगाचा ‘आ’ आहे. कलम, कमर, दनानीर यांस तो नाहीं. हीं वस्तूंचीं नांवें जशींच्या तशीं स्त्रीस दिलीं आहेत. स्त्रीचें नांव व्याकरणानें सिद्ध होतें, वस्तूचें नांव मालकीनें सिद्ध होतें.

४. चंद्राचीं नांवें

गायिकांच्या नांवांत चंद्र फार आहे, व त्याच्या प्रवासावरून नांवें एका भाषेंतून दुसऱ्या भाषेंत कशीं जातात हें चांगलें कळतें. दहाव्या शतकाच्या आरंभास सेव्हिलचा अधिपति इब्राहीम इब्न हज्जाज यानें बगदादहून जी गायिका आणविली तिचें नांव कमर. अरबींत कमर, म्हणजे चंद्र, पुल्लिंगी आहे, आणि सूर्य स्त्रीलिंगी. तरीहि स्त्रीस चंद्राचेंच नांव दिलें. ‘बगदादिय्या’ हें गांवदर्शक विशेषण लागलें तेव्हां मात्र शेवटीं स्त्रीलिंग प्रगट झालें.

आपल्याकडे कऱ्हाडच्या शिलाहार राजाची कन्या व चालुक्य सहावा विक्रमादित्य याची राणी हिचें नांव शिलालेखांत चंदलदेवी असें येतें, व नृत्यगीतांतील तिच्या नैपुण्याची प्रशंसाहि येते. बिल्हणानें विक्रमांकदेवचरितांत तिच्या कऱ्हाड येथील स्वयंवराचें वर्णन केलें, तेव्हां तिला चंद्रलेखा म्हटलें. देशी नांव महाकाव्यांत शोभेना, म्हणून त्याला संस्कृत पेहराव चढविला.

हीच क्रिया सुमारें सातशें वर्षांनीं हैदराबादेस झाली. चंदा बीबी ही इ. स. १७६८ त जन्मली व १८२४ त वारली. तिची आई राजकुंवर. चंदा गाण्यांत व नृत्यांत निपुण होती, उर्दूंत कविता करी, आणि निजाम अली खानाच्या दरबारांत तिचा मान मोठा होता. तिला ‘माहलका बाई’ हा किताब मिळाला. ‘माह’ म्हणजे चंद्र, हें फारसी. ‘लका’ म्हणजे मुख किंवा दर्शन, हें अरबी. आणि ‘बाई’ हें देशी. चंदा याचेंच हें भाषांतर, पण दरबारी. बिल्हणानें जें संस्कृतानें केलें तें निजामानें फारसीनें केलें. मात्र चंदलदेवीचें काव्य दुसऱ्यानें लिहिलें. चंदेनें स्वतःचा दीवान रचला, आणि त्यांत उपनाम म्हणून दरबारी किताब न घेतां ‘चंदा’ हेंच जन्मनांव ठेवलें.

तिच्या दीवानाची एक प्रत तिनें १८ आक्टोबर १७९९ रोजीं कॅप्टन माल्कम यास, नृत्य चालू असतांनाच, नजर केली. ती लंडनच्या संग्रहांत आहे. प्रतीवरील इंग्रजी टिपणांत तिला ‘मलका’ म्हटलें आहे. हा ‘माहलका’ याचा परकी कानानें केलेला संक्षेप असावा. पण मलका, म्हणजे राणी, हा अगदीं निराळा शब्द असून तोहि गायिकांच्या नांवांत पुढें रूढ झाला. दोन स्त्रिया एक समजण्यास किंवा एकीच्या दोन करण्यास एवढा घोटाळा पुरे होतो.

५. ‘बाई’ व ‘जान’

फारसी भाषेंत लिंगभेद नाहीं. गौहर म्हणजे रत्न किंवा मोतीं, गुलाब, हीं नांवें पुरुषाचींहि असतात, स्त्रीचींहि असतात. गुलाबसिंग व गुलाबबाई यांत ‘गुलाब’ एकच आहे. स्त्री कोणती हें ‘बाई’ सांगते. संस्कृतांत जें काम शेवटचा ‘आ’ करीत होता तेंच काम फारसी नांवें देशांत रुळल्यावर ‘बाई’ व ‘जान’ हे शब्द करूं लागले. ‘जान’ म्हणजे प्राण. मूळचा तो स्त्रीवाचक नव्हे, आवडीचा आहे.

‘बाई’ या शब्दाविषयीं मराठी वाचकानें विशेष सावध असावें. आपल्याकडे तो जिजाबाई, अहिल्याबाई यांच्या नांवीं आहे, व केवळ आदर दाखवितो. उत्तरेकडे ‘बाईजी’ म्हटलें कीं गाणारीण असा अर्थ झाला. म्हणून मराठी कागदांतील ‘बाई’वरून धंदा ठरवूं नये, आणि उत्तरेकडील कागदांतील ‘बाई’वरून कुलीनता ठरवूं नये. धर्महि त्यावरून ठरत नाहीं. माहलका बाई व आग्र्याची झोहराबाई (१८६८–१९१३) या मुसलमान होत्या. झोहरा म्हणजे शुक्राचा तारा, आणि फारसी काव्यांत झोहरा ही आकाशांतील वाद्य वाजविणारी समजतात; तेव्हां खास गायिकेस शोभणारें असें हें नांव आहे.

नांव बदललें कीं सर्व स्थितिच बदलते याचें ठळक उदाहरण गौहर जानचें. ही इ. स. १८७३ त आझमगड येथें अँजेलिना येवर्ड म्हणून जन्मली. बाप आर्मेनियन वंशाचा, आई व्हिक्टोरिया. आईबापांची फारकत झाल्यावर मायलेकी बनारसेस आल्या व मुसलमान झाल्या. आई मलका जान झाली आणि मुलगी गौहर जान. नोव्हेंबर १९०२ मध्यें कलकत्त्यास तिचीं गाणीं ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घेतलीं गेलीं. प्रत्येक गाण्याच्या शेवटीं ती आपलें नांव इंग्रजींत मोठ्यानें सांगे. तबकड्या जर्मनींत हानोव्हर येथें तयार होत, व तेथील कारागिरांस कोणती तबकडी कोणाची हें कळावें हा त्यांतील हेतु. परंतु त्याचा परिणाम असा झाला कीं, ज्या वर्गांतील स्त्रियांचीं नांवें शतकानुशतकें दुसऱ्यांनीं लिहिलीं त्या वर्गांतील एक स्त्री स्वतःच्या तोंडानें स्वतःचें नांव पुढील पिढ्यांस सांगून गेली. ती १९३० त म्हैसूर येथें वारली.

६. गांवाच्या नांवानें

महाराष्ट्र व गोमंतक यांतील गायिकांनीं नांवाची अडचण वेगळ्या रीतीनें सोडविली. कलावंत घराण्यांत वंश आईकडून मोजला जाई. बापाचें नांव लावण्याचा प्रश्न अवघड. त्या ठिकाणीं गांव उपयोगीं पडलें. पेडण्याकडील मालपें येथील त्या अंजनीबाई मालपेकर (१८८३–१९७४). केरी येथील त्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७). कुर्डी येथील त्या मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१). ‘कर’ हा प्रत्यय ब्राह्मण, मराठा, वाणी सर्वच लावीत असल्यामुळें त्यांत हिणकस कांहीं राहिलें नाहीं. आग्रेवाली, बगदादिय्या व केरकर हे तिन्ही शब्द एकाच कामाचे. पण पहिले दोन दुसऱ्यांनीं ओळख म्हणून दिले, तिसरा उपनांव म्हणून स्वतः धारण केला.

घर बदलल्यावर नांव बदलल्याचें उदाहरण येथेंहि आहे. अब्दुल करीम खां (१८७२–१९३७) यांच्यापासून ताराबाई माने मुलांसह विभक्त झाल्या, त्यानंतर मुलांचीं नांवेंहि पालटलीं. अब्दुल रहमान हे सुरेशबाबू माने झाले, चंपाकली या हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) झाल्या, व सकीना या सरस्वती राणे झाल्या. बडोदें हें आईचें गांव. म्हणजे मुलीच्या उपनांवांत आईचा वंश गांवाच्या रूपानें आला.

एकेका स्त्रीप्रमाणें सबंध समाजानेंहि नांव बदललें. कलावंत, भावीण, देवळी इत्यादि वर्गांनीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ‘गोमंतक मराठा समाज’ हें एक नांव घेतलें, व मुंबई इलाख्यांत देवदासी संरक्षणाचा कायदा १९३४ त झाला. कायद्यानें देवास मुलगी वाहण्याची चाल निषिद्ध केली. नांवानें माणसास जन्म परत दिला.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून चार प्रकार दिसतात. रूपावरून वा वस्तूवरून पडलेलें नांव पाहणाराचें किंवा धन्याचें. देवावरून पडलेलें देवस्थानाचें. दरबारी किताब राजाचा. आणि गांवावरून आलेलें बहुधा स्त्रीनें स्वतः घेतलेलें. अपवाद असतीलच, पण नांव वाचतांना पहिला प्रश्न ‘याचा अर्थ काय’ असा न करतां ‘हें कोणीं ठेवलें’ असा करावा.

संग्राहकांस यांतून दोन-तीन सूचना निघतात. पहिली, हिशेबाच्या वहींतून गायिकेचें नांव उतरून घेतांना तेवढा शब्दच न घेतां मागचेपुढचे शब्द, रक्कम, प्रसंग, गांव व ‘बाई’, ‘जान’ किंवा ‘कलावंतीण’ यांपैकीं जें असेल तें सर्व घ्यावें. तो जोडशब्द गळला कीं गौहर व गुलाब यांचे पुरुष होतात. दुसरी, मोडींत ह्रस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसल्यामुळें नांव शुद्ध करून लिहूं नये. मूळ वळण तसेंच ठेवून आपलें वाचन बाजूस द्यावें. तिसरी, कवितेच्या वह्यांतील ‘चंदा’ यासारखें उपनाम लिंगनिश्चय झाल्याखेरीज पुरुषांच्या यादींत घालूं नये.

ऑगस्ट व सप्टेंबर १९७७ मध्यें अमेरिकेहून जीं दोन ‘व्हॉयेजर’ यानें आकाशांत सोडलीं, त्यांवरील तबकडींत केसरबाईंचें भैरवींतील एक गाणें आहे, व तिच्या यादींत त्यांचें नांव सूरश्री केसरबाई केरकर असें आहे. किताब, जन्मनांव, आदरवाचक शब्द व गांव, असें चारहि अंगांनीं तें पूर्ण आहे. दुसरें यान सुटल्यावर अकराव्या दिवशीं, १६ सप्टेंबरास, केसरबाई वारल्या. इतकें पूर्ण नांव सुतनुकेस व दनानीरेस मिळालें नाहीं. ज्या स्त्रियांचीं नांवें अजून आपल्या रुमालांत एकेका शब्दानें पडून आहेत, त्यांस निदान त्या शब्दाबरोबरचे शब्द मिळवून देणें आपल्या हातीं आहे.